पंधरा व्होल्टांचा करार

शनिवारी सकाळी लिफ्ट तपासनिसांनी स्वतःच्या आईला स्वयंपाकघरात कोंडलं, दाराला आडवी लाल फीत लावली आणि कडीला 'बंद आहे, वापरू नये' अशी पाटी अडकवली.

हे झालेलं नाही. तसं घरात एकमताने ठरलंय. आई म्हणते, झालं नाही. बायको म्हणते, झालं नाही. तपासनिसांना विचारलं तर ते म्हणतात, "कसली फीत?" ज्यांच्या घरात घडलं तेच नाही म्हणत असतील, तर आपण बाहेरच्यांनी कशाला हट्ट धरायचा? तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलेलंच नाही असं समजू आणि सोमवारपासून सुरुवात करू.

सोमवारी वाद्य मेलं. म्हणजे मेलं आणि परत उठून बसलं. तपासनिसांची बायको पुढच्या खोलीत की-बोर्डवर सराव करत होती. हळू भाग संपला, जोरकस भाग सुरू झाला, डावा हात दणादण पडायला लागला आणि ऐन रंगात सगळं गप्प. दिवे गेले. तिची बोटं मात्र सवयीने पुढे धावत राहिली. त्यामुळे कुणी कारकून संतापून राजीनामा टाइप करत असावा तशी नुसती टकटक घरभर ऐकू आली. मग दिवे परत लागले, छोट्या पडद्यावर स्वागताचं वाक्य उमटलं आणि वाद्य 'काय म्हणत होतो आपण?' अशा चेहऱ्याने तयार.

"अहो! हे परत मेलं!"

"मी काही केलं नाही," तपासनीस आतून म्हणाले. तक्रार काय आहे हे ऐकण्याआधी द्यायचं हे उत्तर ते लग्नानंतर लगेच शिकले होते.

बायको चिडली होती, आणि तिला कारण होतं. रविवारी नृत्यशाळेत तिची परीक्षा होती. तिथल्या मोठ्या बाईंना मुलींच्या सरावासाठी वाजवणारं माणूस हवं होतं. वाद्य ज्याचं त्याने आणायचं, असा तिथला नियम. बायकोने आजवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांना सूर शिकवले, आणि ती मुलं सूर सापडायच्या आत पोहण्याच्या वर्गाला जायला लागली. तिच्या वाजवण्यावर आजपर्यंत कुणी नाचलं नव्हतं. नाचणं सोडा, कुणी मान हलवली नव्हती. ही जागा तिला हवी होती, आणि दात-ओठ खाऊन हवी होती.

दुसरा चार्जर लावावा, तर तोही नव्हता. मूळचा अडॅप्टर मध्यंतरी जळला तेव्हा तपासनिसांनी स्वतः जाऊन नवा सी-टाइपचा चार्जर आणला, तोही दोन पोर्टांचा. "एकट्या वाद्यासाठी अख्खा चार्जर? लिफ्ट कुणी एका माणसासाठी बांधतं का?" असं ते तेव्हा म्हणाले होते. एका पोर्टात वाद्य. दुसऱ्या पोर्टातून एक लांबलचक पांढरी केबल भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात गेली होती, ती आईसाठी. ती त्यांनी क्लिपा ठोकून इतकी सरळ नेली होती की आल्यागेल्याला दाखवायचे. घरातल्या मोबाईलच्या बाकी चार्जरांवर वाद्य डोळासुद्धा उघडत नव्हतं.

"बघतो," तपासनीस म्हणाले आणि ऑफिसची बॅग उघडली. बायकोचा चेहरा पडला.

तपासनिसांचं काम बंद पडलेल्या लिफ्ट तपासायचं. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'ओव्हरलोड' म्हणत. थोडं वजन वाढलं की ते ठणाणा करायचे आणि मग जागचे हलायचे नाहीत. त्यांची पद्धत ठरलेली होती. कुठलीही वस्तू स्वतःहून बिघडत नाही, तिला कुणीतरी बिघडवतं. ते कुणीतरी सापडेपर्यंत दिसेल त्याला लाल फीत लावायची.

"लिफ्ट बंद पडली की पहिला प्रश्न काय?" त्यांनी विचारलं.

"मी लिफ्ट नाही."

"पहिला प्रश्न, आत कोण होतं? इथे तू होतीस. तू फार जोरात वाजवतेस. नेमकं जोरात वाजवलं की बंद पडतं."

"जोरात वाजवायचं तिथे जोरातच वाजवणार ना! मुली उड्या मारणार आणि मी काय त्यांना झोपवू?"

"पायाने पेडलची वायर ओढली जात असेल."

"माझा पाय गेली दहा वर्षं त्याच पेडलवर आहे! दहा वर्षांत त्याने तुम्हाला लाथ मारली नाही, वायरीला कशाला मारेल?"

तपासनिसांनी कागदावर 'मानवी चूक (संशयित)' असं लिहिलं आणि पेडलला फीत लावली. मंगळवारी पेडलशिवाय सराव झाला. वाद्य त्याच जागी मेलं. बायकोने ती फीत सोडवून तपासनिसांच्या ताटाभोवती बांधली. जेवण वरून वाढता येत होतं, पण त्यातला मुद्दा त्यांच्या लक्षात आला.

बुधवारी ते चार्जर घेऊन मोबाईलच्या दुकानात गेले.

"चालतं सर," दुकानदार चार्जरकडे न बघता म्हणाला.

"चालत नाही, म्हणून आलोय."

"सगळ्यांचं चालतं सर."

"सगळ्यांचं चालतं त्याचं मी काय करू? सगळ्यांच्या घरी जाऊन बसू?"

"तुम्ही नीट लावलंत का?"

हा प्रश्न तपासनीस स्वतः रोज लोकांना विचारायचे. तो इतका अपमानास्पद असतो हे त्यांना त्या काउंटरपाशी कळलं. ते इतके भडकले की रागाच्या भरात एक नवी केबल विकत घेऊन बाहेर पडले. घरी ती लावून पाहिली, तर वाद्याने एक दिवा मिणमिणवला आणि ते परत झोपलं.

मग मात्र त्यांनी विषय मनावर घेतला. ऑफिसात बसून, लिफ्टच्या कामावर पाणी सोडून, त्यांनी वीजपुरवठ्यावरचं मिळेल ते वाचलं आणि संध्याकाळी बायकोला समोर बसवलं.

"हे साधं प्रकरण नाही. पूर्वी कसं, भिंतीत वीज असायची, वायर खुपसली की मिळायची. आता तसं नाही. सी-टाइपमध्ये चार्जर आणि वाद्य आधी एकमेकांशी बोलतात."

"काय बोलतात?"

"चार्जर म्हणतो, माझ्याकडे पाच व्होल्ट आहेत, नऊ आहेत, पंधरा आहेत, वीस आहेत, काय हवंय बोला. वाद्य म्हणतं, पंधरा द्या. चार्जर म्हणतो, ठीक. मग करार होतो आणि मगच पंधरा व्होल्ट सुटतात."

"आणि नाही जमलं बोलणं तर?"

"तर पाचावर बोळवण. त्या दुकानदाराची केबल मुकी निघाली, तिच्यातून बोलणं जातच नाही. म्हणून नुसता दिवा मिणमिणला."

"आपल्या घरात दोन जण नीट बोलून, ठरवून काही करतात," बायको म्हणाली, "हे मला आजच कळलं."

"मुद्दा तो नाही! मुद्दा असा, की झालेला करार मध्येच मोडतोय. कोण मोडतंय?"

"चार्जरवर ते दुसरं पोर्ट आहे..."

"ते वेगळं! दोन पोर्ट म्हणजे दोन चार्जर, एका डबीत. आणि ती आईची केबल आहे. मी तपासली. तिच्या टोकाला काहीही नव्हतं. नुसती लोंबत होती."

हे खरं होतं. त्यांनी तपासली तेव्हा ती नुसतीच लोंबत होती. जगातले पुष्कळसे गुन्हेगार तपास चालू असताना नुसतेच लोंबत असतात.

गुरुवारी त्यांनी एक इवलासा मीटर आणला. चार्जर आणि वाद्य यांच्यामध्ये तो बसवला की किती व्होल्ट चाललेत ते आकड्यात दिसतं. तपासनीस जमिनीवर आडवे झाले आणि मीटरला नाक लावून पडून राहिले. वर बायको वाजवत होती. हळू भाग झाला. पंधरा. जोरकस भाग सुरू झाला. पंधरा, पंधरा, पंधरा... शून्य. मग पाच. मग पुन्हा पंधरा.

"पडला! पडला!" तपासनीस ओरडले.

"ते मलाही कळलं!" बायको वरून ओरडली. "मीच वाजवतेय!"

पण आता पुरावा हातात होता आणि तपासनिसांना चेव चढला. त्यांनी फ्रिजला फीत लावली. दूध नासलं, वाद्य मेलंच. गीझरला लावली. सगळ्यांनी गार पाण्याने आंघोळी केल्या, वाद्य मेलंच. शुक्रवारी सकाळी त्यांना वाटलं, इमारतीची लिफ्ट वर निघाली की तिच्या मोटरीने झटका बसत असेल. त्यांनी खाली जाऊन लिफ्ट बंद केली आणि पाटी लावून सही ठोकली.

वाद्य मेलंच. लिफ्ट निर्दोष सुटली. पण आता अडचण अशी झाली की तपासनिसाच्या सहीने बंद केलेली लिफ्ट रीतसर तपासणीशिवाय सुरू करता येत नाही, आणि तपासणीसाठी तपासनिसांकडे अर्ज करावा लागतो. तपासनिसांनी स्वतःकडे अर्ज केला. अर्जात त्रुटी निघाली. दरम्यान दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई नवं कपाट जिन्यावरून चढवत होत्या, आणि ते जिन्याच्या वळणात अडकून बसलं. कपाटाच्या वरच्या बाजूचे लोक वर राहिले, खालच्या बाजूचे खाली.

"काय हो, कधी सुरू होणार?" कपाटापलीकडून दंतवैद्यबाईंचा आवाज आला.

"तपास चालू आहे!"

"तुम्ही या एकदा माझ्याकडे दात दाखवायला," बाई म्हणाल्या. आवाज गोड होता, पण तपासनिसांची दाढ आपोआप ठणकायला लागली.

संध्याकाळी त्यांनी शेवटचा साक्षीदार घेतला. आई स्वयंपाकघरात टेबलापाशी मटार सोलत बसली होती. पुढच्या खोलीत सराव रंगात आला होता, वाद्य नुकतंच एकदा मरून उठलं होतं.

"आई, वाद्य बंद पडतं तेव्हा तू कुठे असतेस?"

आईने मान डोलावली. "हो, भिजत घातलेत."

"आई, वाद्य! बंद! तुला आवाज थांबलेला कळतो का?"

"नको रे बाळ्या, आत्ताच घेतला चहा."

तपासनीस हताश होऊन परतले. साक्षीदार वयस्कर असून विसंगत बोलतो, असा शेरा त्यांनी मारला. आईला ऐकायला कमी येतं हे त्यांना माहीत होतं. तिच्या दोन्ही कानांत मशीन असतं हेही माहीत होतं. ती मशीन त्या क्षणी कुठे आहेत, हे मात्र त्यांनी पाहिलं नाही. लिफ्ट तपासणारा माणूस लोकांच्या कानांकडे कशाला बघेल?

शनिवारी सकाळी ते पुन्हा मीटरपाशी आडवे पडले होते. परीक्षा उद्यावर आली होती. बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती, ती फक्त वाजवत होती, आणि त्या वाजवण्यात वाक्यंच्या वाक्यं होती. जोरकस भाग सुरू झाला. तपासनिसांची नजर मीटरवरून जरा ढळली, आणि तेवढ्यात भिंतीच्या कडेची पांढरी केबल हलली. शेपटीला कुणी डिवचावं तशी. त्याच क्षणी, शून्य.

तपासनीस उठले नाहीत. ते तसेच कोपरांवर सरपटत, एकेक क्लिप मोजत, केबलच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि आत मान घातली. आई टेबलापाशी बसली होती. तिच्यासमोर कानांच्या मशीनची गोल डबी होती, डबीत दोन्ही मशीन शेजारी शेजारी निजली होती, आणि डबीला पांढरी केबल नुकतीच टोचलेली होती. हिरवा दिवा लागला होता. आईच्या चेहऱ्यावर हिमालयात बसलेल्या माणसाची शांती होती.

तपासनिसांच्या डोक्यात सगळं एकदम उजळलं. दोन पोर्ट म्हणजे दोन चार्जर नव्हेत. एकच चार्जर, दोन गिऱ्हाइकं. दुसरं गिऱ्हाईक आलं की तो पहिल्याचा चालू करार फाडून टाकतो, दोघांना दारात उभं करतो आणि म्हणतो, आता परत सांगा, कुणाला किती हवंय. तेवढ्या वेळात पहिल्याचा जीव जातो. आणि दुसरं गिऱ्हाईक उठून गेलं की पुन्हा तेच.

यानंतर जे झालं ते झालेलं नाही हे आपण मान्य केलंच आहे, त्यामुळे तेवढा भाग सोडून देऊ. इतकंच सांगतो की बायकोने कात्री आणली तेव्हा आतल्या माणसाला आपण आत कोंडलेले आहोत याचा पत्ता नव्हता. मटार सोलून झाले होते.

"आई, बाहेर या," बायको म्हणाली आणि हातांनी कानांची खूण केली.

"थांब गं, लावते." आईने डबी केबलवरून उपटली. पुढच्या खोलीत वाद्य पुन्हा मेलं आणि पुन्हा उठलं.

"पाहिलंस? पाहिलंस?" तपासनीस नाचायचेच बाकी होते. "काढली की मरतं, लावली की मरतं! फ्रिज सोडला नाही, लिफ्ट सोडली नाही, आणि गुन्हेगार घरात बसून मटार सोलतोय!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "आई," ती हळू म्हणाली, "मी वाजवायला बसले की तुम्ही कान काढून ठेवता?"

"वाजवायला बसलीस की नाही गं," आई प्रामाणिकपणे म्हणाली. "जोराचं सुरू झालं की. तो हळू भाग तू फार गोड वाजवतेस, तो मी रोज ऐकते. त्यानंतर ते जे सुरू होतं ना, ते माझ्या मशीनमधून असं येतं, जसं कुणी डब्यात खिळे भरून हलवतंय. आणि चार्ज तर रोज करायचंच असतं. म्हटलं, तेव्हाच करावं, वेळ वाया जात नाही."

"सांगायचं नाही का मग?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय बरं वाटतंय?"

आई मटारच्या साली गोळा करायला लागली. तपासनिसांना वाटलं, इथे आपण मध्यस्थी करावी. आयुष्यातल्या काही चुका अशा शांतपणे, चालत येतात.

"असू दे गं. म्हातारं माणूस. मी तर रोज ऐकतो ना तुझं!"

"तुम्ही?" बायको वळली. "रोज?"

"अगदी रोज. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग गुणगुणून दाखवा."

तपासनिसांनी तोंड उघडलं. आतून काहीतरी येईल अशी त्यांची प्रामाणिक अपेक्षा होती. जे आलं ते चार सुरांचं होतं, आणि सुरेलही होतं, पण ते नव्या बनावटीच्या लिफ्टचं दार उघडताना वाजतं ते होतं.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वीज गेली तर परत तरी येते हो," आणि आत निघून गेली. त्या दिवशी घरात कुणी काही चार्ज केलं नाही.

रविवारी तिने दोघांनाही येऊ नका म्हणून सांगितलं. पण वाद्य जड होतं आणि जिन्यात अजून कपाट होतं, आता त्याच्या कडेने माणूस जेमतेम सरकत होता इतकंच, त्यामुळे तपासनीस लागलेच. आईने तर हट्टच धरला. "मी येणार आणि पूर्ण ऐकणार," ती म्हणाली. "खिळेसुद्धा ऐकणार."

नृत्यशाळेचा हॉल लांबरुंद होता. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, आणि त्या आरशांत स्वतःकडे बघत उभ्या असलेल्या मुली. मोठ्या बाई म्हणजे नुसता ताठ कणा आणि त्यावर आवाज. त्या आधीपासूनच तापलेल्या होत्या.

"ऐका! ऐका म्हणते ना!" त्या मुलींवर खेकसत होत्या. "तुम्ही मनात आकडे मोजून नाचता! उद्या इथे गाणं वाजलं काय आणि कुकरची शिट्टी वाजली काय, तुम्ही तशाच नाचाल! आधीची वाजवणारी याच कारणाने सोडून गेली. म्हणाली, मी आहे की नाही हेच यांना कळत नाही." मग त्या बायकोकडे वळल्या. "लावा तुमचं वाद्य. फार आशा ठेवू नका."

तपासनिसांनी चार्जर भिंतीत लावला. पांढरी केबल घरीच ठेवली होती. तरीसुद्धा रिकाम्या पोर्टावर त्यांनी लाल फीत चिकटवली, दोन्ही टोकं दाबली आणि वर सही केली. मग चार्जरशेजारी मांडी घालून ते राखणीला बसले. फोन हातात धरून त्यांनी चित्रण सुरू केलं. उद्या कुणी काही म्हणालं तर पुरावा असावा.

बायकोने सुरुवात केली. हळू भाग. मुली सरकल्या, हात उचलले गेले. तपासनीस मीटरकडे बघत होते. पंधरा. मग कसं कोण जाणे, त्यांचं मीटरवरचं लक्ष उडालं. बायकोची पाठ त्यांच्याकडे होती. घरी ती वाजवताना त्यांनी तिची पाठ कधी पाहिलीच नव्हती, कारण ते आतल्या खोलीतून 'मी काही केलं नाही' म्हणायच्या तयारीत असायचे. तो हळू भाग खरंच गोड होता. आणि मग जोरकस भाग सुरू झाला, तोही खिळे-बिळे काही नव्हता. कुणीतरी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत, आनंदाने धावत खाली यावं तसं होतं ते. आईने ओठ घट्ट मिटून घेतले होते, पण कान जागेवर होते. तपासनिसांना वाटलं, हे रोज आपल्या घरात चालू होतं? आणि आपण गीझर तपासत होतो?

टुंग, असा आवाज झाला.

त्यांचा फोन होता. बॅटरी संपत आली होती. तपासनिसांच्या कपाळावर आठी चढली. आज पहिल्यांदा आपण बायकोचं वाजवणं ऐकतोय आणि हे यंत्र मध्ये बोलतंय. पुन्हा टुंग. आता मात्र त्यांना भयंकर राग आला. हिच्या वाजवण्यात व्यत्यय म्हणजे काय! त्यांनी फोनचं तोंड बंद करायचं ठरवलं. खिशात केबल होती, शेजारी चार्जर होता. पोर्टावर फीत होती खरी, पण फीत तोडण्याचा अधिकार ज्याची सही असते त्यालाच असतो. तपासनिसांनी ती पूर्ण अधिकाराने सोडवली, घडी करून खिशात ठेवली, आणि कान वाद्याकडे ठेवूनच फोन जोडला.

सगळं गप्प झालं.

मुली थोडा वेळ तशाच नाचत राहिल्या, बिनआवाजाच्या. मग एकीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि ती थांबली. तिच्यावर दुसरी आदळली. तिसरी एका पायावर होती, ती तशीच राहिली, कारण दुसरा पाय कधी टेकायचा हे सांगणारं कुणी नव्हतं. सगळ्या माना वाद्याकडे वळल्या. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर तिलाच लाज वाटली असती.

त्या शांततेत आईने दोन्ही हात वर केले.

"मी नाही हं!" ती ठणठणीत आवाजात म्हणाली.

बायको सावकाश वळली. तिने चार्जरकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याच्या खिशातून बाहेर डोकावणाऱ्या लाल फितीकडे पाहिलं. वाद्याच्या पडद्यावर स्वागताचं वाक्य उमटलं. तपासनिसांनी रागवायला तोंड उघडलं. पण आजूबाजूला रागवण्यासारखं कुणी शिल्लकच नव्हतं. दुकानदार दूर होता, लिफ्ट निर्दोष होती, आईचे हात वर होते.

"कुणी थांबवलं हे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी," तपासनीस म्हणाले. लग्नानंतर लगेच शिकलेलं उत्तर त्यांनी पहिल्यांदाच बदललं. "मी ऐकत होतो, त्यामुळे."

"पाहिलंत?" मोठ्या बाई गरजल्या, पण मुलींवर. "पाहिलंत गाढवांनो? मी घसा फोडून सांगते ऐका, ऐका! आज पहिल्यांदा तुम्हाला कळलं की संगीत थांबलंय! म्हणजे ते चालू होतं हेही आजच कळलं!" त्या बायकोकडे वळल्या. "उद्यापासून या. आणि अशाच मध्येच बंद पडत जा. न सांगता."

बायकोने मुद्दाम थांबून पाहिलं. जमेना. थांबण्याआधी तिचा श्वास बदलायचा, खांदे सैल पडायचे, आणि मुली आधीच सावध व्हायच्या.

"तुम्हाला नाही येणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला तालाचं ज्ञान आहे. तुमच्या या मिस्टरांना काहीच कळत नाही, म्हणून यांना जमलं. यांनाही आणत जा."

"आणते," बायको म्हणाली. ती हसली नाही, पण तिच्या आवाजात पाचावरून पंधरावर आल्यासारखं काहीतरी झालं. "निदान इथे तरी बसून ऐकतील."

तेव्हापासून तपासनीस ऑफिस सुटलं की नृत्यशाळेत जातात आणि चार्जरपाशी मांडी घालून बसतात. मनाला येईल तेव्हा फोन जोडतात, मनाला येईल तेव्हा काढतात. आता त्यांना अख्खी धून पाठ आहे. लिफ्टमध्ये गुणगुणतात, लोक दारापासून जरा लांब उभे राहतात. बायकोच्या वाजवण्यावर मुली नाचतात, आणि आता कान लावून नाचतात. सगळं छान चाललं होतं. पण मुली हुशार. त्यांच्या लक्षात आलं की व्यत्यय येण्याआधी या काकांचा चेहरा लाल होतो. त्या वाद्य ऐकायचं सोडून काकांकडे बघायला लागल्या. मोठ्या बाईंनी ताबडतोब हुकूम काढला: तासभर चेहरा प्रसन्न ठेवायचा, रागवायचं नाही, आठी घालायची नाही, नाकपुडी हलवायची नाही. बायकोने तोच हुकूम घरीही लागू केला. सराव नको का, म्हणाली.

गेल्या आठवड्यात तपासनिसांनी रीतसर अर्ज केला. तो असा:

प्रति, माननीय मोठ्या बाई, नृत्यशाळा. मार्फत: वादक (अर्जदाराची पत्नी).

विषय: उघडपणे रागावण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदार आपल्या संस्थेत 'व्यत्यय' या पदावर कार्यरत असून पदाच्या गरजेपोटी त्यास सतत प्रसन्न मुद्रा धारण करावी लागते. परिणामी अर्जदाराकडे बराच संताप विनावापर साठून राहिला असून त्याचा भार अर्जदाराच्या मंजूर क्षमतेबाहेर गेला आहे. सबब, अर्जदारास आठवड्यातून किमान एक वेळ, मुलींकडे पाठ करून का होईना, पूर्ण क्षमतेने भडकण्याची मुभा देण्यात यावी. सदर संताप कोणावर करावा याबाबत अर्जदाराचा कोणताही आग्रह नाही. कार्यालयाने सोयीनुसार एक व्यक्ती उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.